लतिका अमेरिकेत असते

कुसुमावतीबाईंनी पुण्यातल्या एका शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. खोटं बोलणाऱ्या पोरांना त्यांनी किती वेळा बाकावर उभं केलं, त्याची मोजदाद त्यांनाही करता आली नसती. हीच बाई सदुसष्टाव्या वर्षी दिल्लीत येऊन, मयूर विहारमधल्या एका सोसायटीच्या जिन्यात, हातात दुधाच्या दोन पिशव्या धरून धडधडीत खोटं बोलली. पापणीसुद्धा हलली नाही. पुढे मात्र त्या एका वाक्यानं त्यांच्या नाकी नऊ आणले.

त्याचं असं झालं. २००४च्या एप्रिलमध्ये त्यांचा मुलगा साकेत आणि सून लतिका वेगळे झाले. मारहाण नाही, दारू नाही, तिसरं माणूस नाही. अकरा वर्षांच्या संसारात दोघं एकमेकांना इतके कंटाळले होते की शेवटी शेवटी भांडायचाही कंटाळा आला. लतिका नोएडातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिनं तिकडेच चौतीस सेक्टरात भाड्यानं घर घेतलं आणि आठ वर्षांच्या मयुराला तिथल्या शाळेत घातलं. साकेत जुन्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, एकटा राहिला. मयुरानं शनिवारी सकाळी बाबांकडे यायचं आणि रविवारी संध्याकाळी परत जायचं, एवढं दोघांनी तोंडी ठरवलं. कागदावर काहीच नव्हतं.

पुण्याला हे कळलं जूनमध्ये. साकेतनं फोन करून विचारलं, "आई, वरणाला शिट्ट्या किती करतात?" बाईंनी सांगितलं, चार. तरी त्यानं फोन ठेवला नाही. चाळीस वर्षांचा, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या विमा कंपनीत मॅनेजर असलेला मुलगा फोनवर नुसता श्वास घेत होता. हळूहळू बाकीचं त्याच्याकडून काढून घेतल्यावर बाईंनी घराची किल्ली शेजारी दिली आणि तिसऱ्या दिवशी त्या निजामुद्दीन स्टेशनवर उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन वर येताना जिन्यात कल्पना सबनीस भेटली. ती दुसऱ्या मजल्यावर राहायची आणि तिथल्या मराठी मंडळाच्या बायकांचा सगळा कारभार तिच्या हातात होता. तिनं वाकून नमस्कार केला, प्रकृती विचारली, आणि मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, "लतिका दिसत नाही बऱ्याच दिवसांत."

बाईंनी दुधाच्या पिशव्या सावरल्या. येताना गाडीत समोरच्या बर्थवरची बाई आपल्या सुनेच्या 'ऑनसाइट'चं कौतुक भोपाळपर्यंत सांगत होती. तो शब्द आयताच जिभेवर आला. "लतिका ऑनसाइट गेलीय ना. अमेरिकेला. दोन वर्षांचं प्रोजेक्ट आहे."

"अच्छा? आणि मयुरा?"

"ती मावशीकडे, नोएडात. शाळा चांगली आहे तिकडची. शनिवार-रविवार येते इकडे."

कल्पना म्हणाली, "वा, छान." बाई वर आल्या आणि दूध तापायला ठेवलं. पोराची अब्रू वाचवल्याचं त्यांना समाधान वाटलं, हे कबूल करायला हवं. त्या काळात मंडळातल्या प्रत्येक घरचं कोणी ना कोणी अमेरिकेत असायचं, त्यात आणखी एक खपून गेलं.

साकेतला ही बातमी त्याच संध्याकाळी चार्टर्ड बसमध्ये कळली. मयूर विहारहून ऑफिसांकडे जाणारी ही बस म्हणजे एक चालतं-फिरतं घरच होतं. ज्याची त्याची जागा ठरलेली, कोणाचा वाढदिवस असला की समोसे, आणि मागच्या चार सीटांवर रोज सीप नावाचा पत्त्यांचा डाव. साकेतचा भिडू होता कल्पनाचा नवरा, भालचंद्र. त्यानं पानं पिसता पिसता म्हटलं, "यार साकेत, वहिनी अमेरिकेला गेल्या आणि तू बोलला नाहीस?"

साकेत घरी आला आणि बूट न काढता आईसमोर उभा राहिला. "आई, तू काय सांगितलंस खाली?"

"मग काय सांगायला हवं होतं? बायको टाकून गेली म्हणून?"

"टाकून नाही गेली ती."

"लोक तेच म्हणतात, बाळा. दोन वर्षांचा वेळ काढलाय मी तुला. तोवर काहीतरी मार्ग निघेल."

"बरं," साकेत म्हणाला. त्या दिवसांत तो सगळ्यालाच बरं म्हणायचा. वाद घालायला अंगात जोर लागतो, तो त्याच्यात नव्हता.

शनिवारी मयुरा आली तेव्हा बाईंनी तिला जवळ घेऊन पढवलं. कोणी विचारलं तर काय सांगायचं, मावशीचं नाव काय सांगायचं, सगळं शाळेतल्या पाठांतरासारखं दोनदा म्हणून घेतलं. मयुरा हुशार होती, एका दमात म्हणाली. मग विचारलं, "पण आजी, मम्मी तर घरी आहे. मला सोडायला आली होती ना खाली."

"हो गं. हा आपला एक खेळ आहे."

"खतम कधी होणार?"

"होईल लवकर," बाई म्हणाल्या आणि तिच्या हातावर गूळ-पोळी ठेवली. त्या दिवसापासून लतिका मुलीला गेटपर्यंत आणेनाशी झाली. बाईंनीच तिला फोन करून तसं सांगितलं होतं, की बाजाराच्या कोपऱ्यावर सोडत जा, मी घ्यायला येईन. लतिकानं कारण विचारलं. बाईंनी सांगितलं. लतिका म्हणाली, "ठीक आहे आई, तुम्हाला सोयीचं पडेल तसं."

खोटं एकदा बोलून भागत नाही, त्याला रोज खाऊ-पिऊ घालावं लागतं. अमेरिकेत कुठे, असं कोणी विचारलं की बाई न्यू जर्सी म्हणायच्या, कारण तेवढं एकच नाव त्यांना ठाऊक होतं. तिकडे आत्ता किती वाजले असतील, याचा हिशोब त्या बोटांवर करायच्या आणि तरी चुकायच्या. दिवाळीत तर कमाल झाली. लतिकानं पाठवलेलं काहीतरी वाटायला हवं म्हणून बाईंनी साकेतला अठरा सेक्टरच्या नव्या मॉलमधून परदेशी चॉकलेटं आणायला पाठवलं. त्यानं मुकाट्यानं आणली. बाईंनी किमतीची चिकटपट्टी नखानं खरवडून काढली आणि फराळाच्या ताटांबरोबर घरोघर पोचवली.

एवढी सगळी धडपड ज्याच्यासाठी चालली होती, तो मात्र दिवसेंदिवस सुकत चालला होता. संध्याकाळी घरी आला की साकेत खुर्चीत बसायचा, बूट पायातच. बाई चहा ठेवायच्या, चहा निवायचा. पहाटेच त्याला जाग यायची आणि मग न्हाणीघरातला नळ कितीतरी वेळ वाहत राहायचा. पँटचा पट्टा दोन भोकं आत गेला. ऑगस्टमध्ये त्यानं चार्टर्ड बस सोडली आणि सात वाजताच सरकारी बसनं जायला लागला. बाईंनी विचारलं तर म्हणाला, "रोज कोणीतरी विचारतं, वहिनी कशा आहेत. रोज सांगावं लागतं, मजेत आहे. नको वाटतं आई."

फक्त शनिवारी तो माणसात यायचा. शनिवारी सकाळी दाढी करायचा, गुळगुळीत, गालावरून हात फिरवून बघायचा. मयुराच्या वेण्या घालायचा, एक वर एक खाली. दोघं मिळून थालीपीठ थापायचे आणि ते फाटलं की हसायचे. रविवारी संध्याकाळी ती गेली की सोमवारपासून पुन्हा तेच. बाईंना दिसत होतं की सगळा आठवडा या एका शनिवाराच्या खुंटीला टांगलेला आहे.

ऑक्टोबरमध्ये एकदा तो ऑफिसात खुर्चीतून उठलाच नाही. आजारी नाही, चक्कर नाही, उठावंसंच वाटेना. साहेबानं गाडी देऊन घरी पाठवलं आणि तेव्हापासून एका मनोविकारतज्ज्ञाकडे जाणं सुरू झालं. सकाळी एक गोळी, झोपताना एक. बाईंनी लगेच बजावलं, "कोणी विचारलं तर ॲसिडिटीच्या म्हण." साकेत त्यांच्याकडे बघत राहिला.

"डॉक्टर काय म्हणाले माहितीये? म्हणाले, गोळ्या त्यांचं काम करतील, पण कोणाशी तरी बोलत जा. रोज. मित्र असतील, शेजारी असतील." तो थांबला. "कोणाशी बोलू, आई? माझी बायको अमेरिकेत आहे."

बाईंना ते लागलं. पण आता सगळं इतकं पुढे गेलं होतं की परत कसं फिरायचं ते त्यांना समजेना. त्या थकल्याही होत्या. गुडघे धरलेले, तीन मजले चढायचे, परक्या गावात हिंदी बोलून भाजी आणायची, आणि मुलाच्या खोलीतून काही आवाज येतोय का याकडे सतत कान. सरळ पुण्याला निघून जावं, असंही कधी कधी मनात यायचं, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी लतिकाचा फोन आला. साकेत यायचा होता. "आई, उद्या मयुरा येणार नाही."

"का गं? बरी आहे ना?"

"बरी आहे. नको म्हणतेय." लतिकाचा आवाज रागाचा नव्हता, दमलेला होता. "आज शाळेत बोलावलं होतं मला. वर्गात निबंध होता, माझी आई. तिनं लिहिलं, माझी आई अमेरिकेत असते आणि ती कधी येणार ते कोणालाच माहीत नाही. टीचर म्हणाल्या, पण तुम्ही तर दर महिन्याला येता. घरी आल्यावर विचारलं, तर रडायला लागली. म्हणाली, आजीच्या घरी तू नसतेस आणि इथे असतेस, मला लक्षातच राहत नाही. मला तिकडे जायचं नाही."

बाई फोनच्या वायरचं भेंडोळं मुठीत धरून उभ्या होत्या.

"मी नाही म्हटलेलं नाही, आई. साकेतला सांगा तसं. त्याचा हक्क मला कळतो. पण मी तिला ओढत आणणार नाही."

बाईंनी त्या रात्री साकेतला सांगितलं नाही. उद्या लतिकाचं मन बदलेल, पोर हट्ट सोडेल, असं काहीबाही धरून त्या बसल्या. सकाळी साकेत न्हाणीघरातून बाहेर आला, तो दाढी करून. खांद्यावर टॉवेल, कानामागे थोडा साबण राहिलेला. तेव्हा सांगावंच लागलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. ओरडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. "मला तेवढा शनिवारच राहिला होता, आई," तो म्हणाला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

सोमवारी तो ऑफिसला गेला नाही. मंगळवारीही नाही. बाईंनी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी वाढवली, शुक्रवारी घेऊन या म्हणाले, आणि एकटं सोडू नका असंही म्हणाले. ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि फोन ठेवल्या ठेवल्या बाई उठल्या. त्यांनी गोळ्यांची सगळी पाकिटं आपल्या पेटीत लुगड्यांखाली ठेवली आणि वेळेवर एक-एक त्याच्या हातावर ठेवायला लागल्या.

बुधवारी खाली कल्पनाकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. ती दोनदा बोलावून गेली. बाई विधवा, त्यांना कुंकू कोणी लावायचं नाही, पण तिळगूळ खायला आणि गप्पांना त्या सगळ्यांना हव्या असायच्या. त्या जाणार नव्हत्या. साकेतच म्हणाला, "जा तू. मी झोपतोय, कुठे जात नाही." त्यांनी दार बाहेरून नुसतं लोटून घेतलं आणि अर्ध्या तासात येते म्हणून उतरल्या.

पंधरा-वीस बायका होत्या. काळ्या साड्या, अत्तराचा वास, हिंदी-मराठीची खिचडी. यंदा वाणात स्टीलची गाळणी होती. कल्पनानं बाईंच्या हातावर तिळगूळ ठेवला, गाळणी दिली आणि मग दुसरी गाळणी पुढे केली. "आणि काकू, ही लतिकाची. ती आली की द्या."

बाईंनी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. वर मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलेला, आणि आपण इथे अमेरिकेतल्या सुनेचं वाण घ्यायला उभ्या, याची त्यांना किळस आली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची किळस आली.

"नको," त्या म्हणाल्या. आवाज वर्गात निघायचा तसा निघाला, सगळ्या बायका गप्प झाल्या. "लतिका अमेरिकेत नाही. नोएडात असते. ती आणि साकेत एप्रिलमध्येच वेगळे झाले. मी खोटं सांगत होते तुम्हाला, आणि नातीलाही सांगायला लावलं."

एकीनं बांगड्या सारख्या केल्या. मग कल्पना खालच्या आवाजात म्हणाली, "माहीत आहे, काकू. घ्या तरी."

"माहीत आहे म्हणजे?"

"नोव्हेंबरात अठरा सेक्टरला दिसली होती ती. मयुरा होती बरोबर. मग यांनाही बोलले मी. बाकीच्यांनाही समजलं असेल." ती खरोखर अवघडली होती. "तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून आम्ही विचारलं नाही. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

म्हणजे दिवाळीनंतरचे दोन महिने सगळी सोसायटी बाईंच्या खोट्याला मान डोलावत होती, सभ्यपणानं. बाईंना संतापानं रडूच आलं. "अगं, मला वाईट वाटू नये म्हणून. आणि साकेत? त्याला कोणी विचारलं का, कसा आहेस म्हणून? तो तिथे वर आजारी पडलाय. मनाचा आजार आहे त्याला, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. ॲसिडिटी नाही." बायकांपैकी कोणाच्या तरी तोंडून 'अरे बापरे' असं अर्धवट निघालं. बाईंनी डोळे पुसले. "तुमची काय चूक म्हणा. मीच तुमच्या तोंडाला कुलूप लावलं." त्यांनी दुसरी गाळणी घेतली आणि वर आल्या. साकेत जागा होता. आपण खाली काय बोललो ते त्यांनी त्याला शब्द न शब्द सांगितलं. तो अंगावरचं पांघरूण काढून उठून बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कल्पना आपणहून वर आली आणि म्हणाली, मी बसते साकेतजवळ, काकू, तुम्ही जाऊन या कुठे जायचंय तिथे. बाई ऑटो करून चौतीस सेक्टरला गेल्या. सात महिन्यांत त्या पहिल्यांदा लतिकाच्या दारात उभ्या होत्या. धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं.

दार लतिकानं उघडलं. अंगात जुना स्वेटर, डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. "तापानं रजेवर आहे चार दिवस," ती म्हणाली. "या, आत या." बाईंनी तिला इतकं खंगलेलं कधी पाहिलं नव्हतं. आपला मुलगा वाळला तेवढीच ही वाळली होती, आणि तिच्या घरात वरण लावायला कोणाची आई आलेली नव्हती. तिला आई नव्हतीच, लग्नाआधीच गेलेली.

बाईंनी गाळणी पुढे केली. "कल्पनानं दिलीय, संक्रांतीची."

लतिका गाळणीकडे बघत राहिली. "कल्पनाताईंनी. नोव्हेंबरात दिसल्या होत्या मला. मी हात वर केला होता, आई. त्या भाजीच्या ठेल्याकडे वळल्या. मला वाटलं, मी घर सोडलं म्हणून सगळ्यांनी मला वाळीत टाकलं. नंतर लक्षात आलं, त्यांच्या लेखी मी अमेरिकेत होते." ती खुर्चीत बसली. "दहा वर्षं त्या सोसायटीत काढली मी. भोंडला, नाटकं, सगळ्यांची बाळंतपणं. वेगळं राहायचा निर्णय माझा होता, तो मला निस्तरायचाच होता. पण एकीनंही फोन केला नाही. करणार कशा? तुम्ही मला विमानात बसवून मोकळ्या झालात. इथून रिक्षानं जाता येतं हो तिकडे."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "साकेतचं राखायला गेले आणि दोघांनाही एकटं पाडलं."

लतिका रडली नाही. नुसती मान मागे टेकून डोळे मिटून बसली. "परवा तापात उठवेना, तर मयुरानं मॅगी करून आणून दिली. आठ वर्षांची पोर. तिला गॅसजवळ जाऊ द्यायचं नाही, असं ठरवलेलं आम्ही." थोड्या वेळानं म्हणाली, "तो कसा आहे?"

बाईंनी खरं ते सांगितलं. लतिकानं ऐकलं आणि म्हणाली, "मी परत येणार नाही, आई. ती आशा धरू नका."

"नाही धरत. तू जरा पड. मी खिचडी टाकते."

शाळेची बस आली तेव्हा लतिका आत गाढ झोपली होती. मयुरानं दारात आजीला पाहिलं आणि दप्तर न काढता उभी राहिली. बाईंनी तिला ओट्याजवळ स्टुलावर बसवलं. मुलांची माफी मागायची सवय त्यांना नव्हती, चौतीस वर्षांत एकदाही मागितली नव्हती.

"मयुरा, तो खेळ नव्हता. मी खोटं बोलले आणि तुलाही बोलायला लावलं. काल मी सगळ्यांना खरं सांगितलं."

"कल्पना आंटीला पण?"

"तिलाही. आता तिकडे कोणी विचारलं तर सांगायचं, माझी आई नोएडात राहते."

मयुरानं बुटाचं टोक स्टुलाच्या दांडीवर घासलं. "मग बाबांचं पण खरं सांग. ते बीमार आहेत ना? नळ चालू करून रडतात. मला ऐकू येतं. तू म्हणतेस आंघोळ करतायत."

यासाठी बाई तयार होऊन आल्या नव्हत्या. खिचडीवरचं झाकण उगाच सरकवून त्या म्हणाल्या, "हो. आजारी आहेत. मनाला होतो असा आजार. डॉक्टर आहेत, औषध चालू आहे, बरी होतात माणसं त्यातनं."

"मी नाही गेले म्हणून जास्त झाले?"

"नाही. तुझ्यामुळे काहीच झालेलं नाही. मम्मीमुळेही नाही. आणि त्यांना बरं करणं हे तुझं काम नाही, ते आम्हा मोठ्यांचं. तुला यावंसं वाटलं तर खेळायला ये. नाही वाटलं तर नको येऊस."

मयुरानं विचार केला. "मम्मीला कोण बघणार शनिवारी?"

"कल्पना आंटीला विचारते," बाई म्हणाल्या, आणि संध्याकाळी विचारलंही.

शनिवारी साकेतनं दाढी केली नाही. येईल की नाही याची खात्री नव्हती आणि पुन्हा गुळगुळीत गालांनी वाट बघायची त्याच्यात हिंमत नव्हती. अकरा वाजता गेटवरून फोन आला तेव्हा तो होता तसा, स्वेटरमध्ये, चपला घालून धावत खाली गेला. बाई कठडा धरत मागून उतरल्या. लतिका गेटाशी रिक्षात बसून होती, उघड्यावर, सगळ्यांना दिसेल अशी. बरोबर कल्पना होती. मयुरा उतरली, रिक्षा वळून गेली.

जिन्याच्या तोंडाशी तळमजल्यावरच्या विजयालक्ष्मी उन्हात कढीपत्ता निवडत बसल्या होत्या. त्या मंडळातल्या नव्हत्या, त्यामुळे कोणी त्यांच्यापर्यंत काही पोचवलं नव्हतं. त्यांनी मयुराचा गाल धरून विचारलं, "अरे मयुरा, मम्मी अमेरिका से कब आएगी?"

मयुरानं आजीकडे पाहिलं. बाई तोंड उघडणार, तेवढ्यात साकेतच बोलला. "वो नोएडा में रहती है, आंटी. हम अलग हो गए हैं. अप्रैल से."

एवढं बोलला आणि पहिल्याच पायरीवर बसला. आधी नुसते खांदे हलले, मग त्याला हुंदका आवरेना. दिवसाढवळ्या, सोसायटीच्या जिन्यात, चाळिशीचा पुरुष. वरून कोणीतरी उतरत होतं ते तिथेच थांबलं. विजयालक्ष्मी कढीपत्त्याचं सुपडं खाली ठेवून पाणी आणायला आत गेल्या.

ऊठ रे, लोक बघतायत. बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. लहानपणी पडला, खरचटलं, बाप गेला, दर वेळी त्यांनी त्याला हेच सांगितलं होतं, आणि तो दर वेळी उठला होता. त्यांनी ते गिळलं. गुडघ्याची कळ सोसत त्या त्याच्या शेजारी पायरीवर टेकल्या. मयुरा दुसऱ्या बाजूला बसली.

"रडू दे," त्या म्हणाल्या. ते कोणाला म्हणाल्या, साकेतला की वरच्या पायरीवर थांबलेल्या माणसाला, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. विजयालक्ष्मींनी पाण्याचा पेला आणून दिला, पण साकेतनं तो लगेच घेतला नाही. बाई पेला हातात धरून बसून राहिल्या.